तात्यांचा पेंढा

अरे, संपात गिरणी गेली ना, तेव्हा मी मुलुंडच्या एका तबेल्यात कामाला लागलो. थंडीत रोज संध्याकाळी म्हशींखाली सुका पेंढा पसरायचा, हे माझं काम. तिथले सगळ्यात जुने गडी तात्या मात्र नुसत्या फरशीवर झोपायचे, खोकून खोकून बेजार. एकदा मी त्यांच्या अंगाखालीही थोडा पेंढा घातला. सकाळी मालकाने तो पाहिला.

“हे कुणी केलं?”

“मी, शेठ. तात्यांना थंडी बाधते.”

“म्हैस आजारी पडली तर दूध जातं. हा पडला तर काय जातं?”

मी तोंड उघडणार, तोवर तात्याच उठले. सगळा पेंढा गोळा करून त्यांनी म्हशीखाली पसरला आणि हात जोडून म्हणाले, “खराब नाही झाला, शेठ. मी रात्रभर कूससुद्धा बदलली नाही.”