कपाटाची चावी

घरी परतायला दौंडच्या गाडीसाठी शिरूर स्टँडवर सासरे आणि सून माझ्या शेजारी थांबले होते.

"आबा, कपाटाची चावी द्या. अक्षदाला मोबाईल परत देऊ."

"अगं, शाळेनं पिक्चर दाखवला तवा बघितलंस ना? त्यातलं पोरगं बी माझ्या नातीसारखंच, स्वमग्न. गेम खेळून वाया गेलं."

"पोरं मारायची त्याला, म्हणून गेममधी लपायचं ते."

"हिला कोण मारतंय?"

"वर्गातल्या पोरी डबा सांडत्यात, संडासात कोंडत्यात. मोबाईल काढून घेतल्यापासून ती बोललीच न्हाई."

"एक शब्द बी न्हाई?"

"फकस्त आज सकाळी बोलली. म्हणाली, आबांनी मोबाईल कपाटात कोंडला, त्या पोरींना कवा कोंडणार?"

"शाळा कितीला सुटती गं?"

"पाचला."

"आन् ही गाडी कवा यायची?"