बाटलीवरचं हसू

दाताच्या दवाखान्यात नंबरची वाट बघत बसलेल्या पोस्टमनकाकांच्या शेजारी दोन बहिणी येऊन टेकल्या. समुद्रातला प्लास्टिकचा कचरा तपासणं हे थोरलीचं काम, आणि ती आल्यापासून तावातावाने बोलत होती.

“ते समुद्री किडे कोळंबीसारखेच असतात गं, पण तांदळाएवढे. तरंगणाऱ्या बाटल्यांना चिकटून राहतात. मी एकाचा फोटो काढून अहवालात लावला.”

“मग बिघडलं कुठे, ताई?”

“पाण्याच्या बाटलीवाल्या कंपनीने तोच फोटो उचलून लेबलवर लावला. खाली छापलंय, ‘आमची बाटली, समुद्रात कुणाचं तरी घर.’”

“पण राहतात ना ते तिथे?”

“राहतात आणि तीच कुरतडत बसतात. फोटोतला तर मेलेला होता. पोट प्लास्टिकच्या निळ्या चुऱ्याने टच्च भरलेलं. ते दिसावं म्हणून तर फोटो काढला होता मी.”

“अगंबाई. तुझ्या साहेबांच्या कानावर घाल की.”

“घातलं. म्हणाले, तुझं काम घरोघरी पोचलं, आनंद मान.”

बोलता बोलता थोरलीची नजर काकांच्या हातातल्या पाण्याच्या बाटलीवर गेली.

“काका, जरा बघू?”

काकांनी बाटली पुढे केली. तिने लेबल बहिणीसमोर धरलं.

“हे बघ. पोटातलं निळं पुसून टाकलं आणि तोंडावर हसू काढलं.”

“गोड दिसतोय गं,” धाकटी बोलून गेली.

थोरलीने लेबल आपल्याकडे वळवलं. मग बाटली काकांच्या हातात परत दिली.

“प्या, काका. पाण्याने कुणाचं काय घोडं मारलंय.”