आतली कडी

नाही, नाही, चावी फिरवू नका जावईबापू, उगाच मनगट दुखेल — बॅटरीची तार सुटी आहे, आणि जोडलेली असती तरी जाणार कुठे? चारही चाकं अधांतरी आहेत. परगावी जाताना लोखंडी घोड्यांवर चढवूनच गेलो होतो मी गाडी, टायर एका जागी दबून चपटे होऊ नयेत म्हणून. घोडे आहेत, पण पळणारे नव्हेत. तेव्हा बसा. पुढची खुर्ची मागे फिरते, खाली खटका आहे, टेबलासमोर करून घ्या. ओटा आहे, बिछाना आहे, न्हाणीघर आहे — चाकांवरचं घरच ते, सासऱ्याची निवृत्तीनंतरची हौस. मी इथेच आहे, शेडच्या दारात. हातात? चाकाचा पाना आहे. गाडीपाशी माणूस पाना घेऊनच उभा राहतो, त्यात एवढं बिचकायचं काय? बापाच्या जागी आहे मी तुम्हाला.

काय म्हणालात? मोठ्याने बोला, काच जाड आहे. — समजुतीने घेऊ? घेऊ की! कचेरीत जन्म गेला माझा, दुसरं केलं काय मी? तापलेला माणूस टेबलाशी आला की म्हणायचं, बसा, पाणी घ्या, समजुतीने घेऊ. तो बसायचा, पाणी प्यायचा आणि निमूट परत जायचा. काम तसंच पडून. समजूत म्हणजे काय हे मला शिकवू नका.

तर गाडी. नवी गाडी पाच महिने बंद ठेवायची म्हणजे तान्हं मूल दुसऱ्याच्या ओटीत घालण्यासारखं आहे, घर आणि गाडी तुम्हा दोघांच्या हवाली करून जाताना सांगितलं होतं मी तुम्हाला. पाण्याची टाकी रिकामी करायची, नाहीतर शेवाळ धरतं. फ्रिजचं दार फटीएवढं उघडं ठेवायचं, नाहीतर कुबट वास बसतो तो जन्मभर जात नाही. गॅस सिलिंडरपाशी बंद. उंदरांची वाट बुजवायची. आठवड्यातून एकदा वरची झडप उघडून हवा खेळवायची. तुम्ही मान हलवत होतात. तुमची मान छान हलते. लग्नाच्या बैठकीतही अशीच हलली होती — मुलीला फुलासारखी जपू म्हणालात. तेव्हा तुमच्या सासूबाई मला कोपराने ढोसून म्हणाल्या होत्या, बघा, किती नम्र.

आणि आज सकाळी मी गाडी उघडली. काल आलो, प्रवासाने अंग मोडलं होतं, तरी चहाच्या आधी शेडमध्ये आलो. नाक तयार ठेवूनच दार उघडलं बरं का, की आता येणार भपकारा. तर काही नाही! कुबट नाही, ओल नाही, उंदराची लेंडी नाही. ओटा पुसलेला. साबणाचा वास. अहो, मी हरखलो. जाताना सुटी केलेली बॅटरीची तार जोडलेली दिसली, तर म्हटलं, आपणच विसरलो असू — म्हातारपण — आणि परत सुटी केली. तुम्हाला गच्चीवरून हाक मारून खाली बोलावलं, मिठी मारली, आणि मनगटावरचं घड्याळ काढून तुमच्या हातात बांधलं. बांधलं की नाही? आत्ता आहे तुमच्या हातात. तुम्ही म्हणालात, "त्यात काय बाबा, कर्तव्यच आहे." कर्तव्य! हा शब्द तुमच्या जिभेला चिकटून कसा बसला नाही?

कारण बंद गाडी अशी राहत नाही हो. बंद गाडी मरते. हळूहळू, पण मरते. ती जगली म्हणजे आत कोणीतरी जगत होतं. पण हे मला सुचायला दाराच्या आतल्या बाजूची ती कडी दिसावी लागली. आत्ता तुम्ही लावून बसलात ना, तीच. जाडजूड, संडासाच्या दाराला असते तसली. कंपनीची नव्हे ती. कंपनीचं कुलूप आहे वेगळं, पण त्याची दुसरी चावी तुमच्याकडे होती. मी काय केलं सांगू? ओरडलो. नव्या गाडीला भोकं कोणी पाडली म्हणून ओरडलो! चारही स्क्रू वाकडे, पत्र्याचा रंग उडालेला. पोरीला हाका मारमारून बोलावली. आली. उजवा हात शालीत. म्हणाली, "मी बसवली बाबा, चुकलं." हाताला काय झालं? "दारात सापडला."

दारात. मग मी ते दार बाहेरून पाहिलं. बिजागरीपाशी पत्रा आत गेलाय, एका जागी नाही, कितीतरी जागी — आणि एका खड्ड्यात बुटाच्या तळव्याची नक्षी आहे. तुमच्या पायात आत्ता आहे तीच नक्षी, मघाशी तुम्ही गाडीची पायरी सोडून एका उडीत आत पळालात तेव्हा पाहिली मी.

फोन? रोज यायचा तिचा फोन. मी विचारायचो, टाकी? ती म्हणायची, रिकामी आहे बाबा. झडप? उघडली बाबा. बरं, ठेव. शहाणी आहे हो माझी पोर, एकदा सांगितलं की झालं. एकदा तर म्हणाली, "बाबा, मी गाडीत झोपले तर चालेल का?" मी म्हटलं, झोप की, फक्त गादीवरचं प्लॅस्टिक काढू नकोस. आणि नाही काढलं तिने! मघाशी बघितलं ना मी, जसंच्या तसं आहे — त्या करकरणाऱ्या प्लॅस्टिकवरच उशी टाकून — उशीवर ते डाग — पाच महिने ती —

गप्प! एक अक्षर बोलू नकोस! तिची चूक होती म्हणतोस? कसली रे? भाजी जळली? उलट बोलली? हाडं मोडण्याचा दर काय लावला होतास — शब्दाला एक? हा घे. हा दिवा गेला. मऊ फडक्यानेच पुसायचा म्हणून तुला सांगितला होता ना, तो. हा आरसा. आणि ही — ही काच — फुटत नाही साली, नुसतं जाळं होतं — बरं झालं, जाळ्यातूनही दिसतोयस तू मला. मागे नको सरकू. गाडी लहान आहे, मीच मापं घेतली होती. पोलिसांना फोन कर, खुशाल कर. मीच सांगेन त्यांना, सावकाश या, समजुतीने या. तू लावलेल्या त्या कडीपर्यंत पोचायला मला फार वेळ लागणार नाही, पत्रा तूच मऊ करून ठेवलायस. म्हातारा आहे मी. पण मांजरसुद्धा मारली नाही रे या हाताने आजवर, सगळी ताकद शिल्लक आहे त्यात —

कोण? — ए पोरी, तू घरात जा. आई कुठे आहे तुझी? जा म्हणतो ना, काचा आहेत इथे, पायात चप्पलसुद्धा नाही तुझ्या. — हं? ऐकलंत जावईबापू, आली ती. तुमचा चेहरा लगेच उजळला, दिसलं मला. तुम्हाला वाटलं, सोडवायला आली. मलाही तेच वाटलं. दर वेळी तीच सोडवत असेल ना तुम्हाला तुमच्याच हातून?

काय म्हणतेस? — अगं, मी तुझ्यासाठीच तर — हो. हो, खरं आहे, आधी भोकांसाठीच ओरडलो. — हो. — ऐक तरी. नाही, ऐकतो. बोल. — "गाडी तुमची बाबा, हा माणूस माझा." म्हणजे मी काय समजायचं? — बाजूला होऊ? अगं, पण जड आहे हा पाना, आणि डाव्या हाताने तुला — बरं. घे. वरून नको धरू, मधे धर. नाही, नाही शिकवत. — गाडीचं मला काय सांगतेस, जळो ती गाडी!

जावईबापू, तिच्याकडे बघा. माझ्याकडे नका बघू, मी आता कोणी नाही इथे. — जातो गं. जातो म्हटलं ना. शेडचं दार ओढून घेऊ? — बरं, उघडं ठेवतो. — नाही, मागे वळून नाही बघत.