सुईसकट मफलर

हसू नका गं, पण माझा पहिला मफलर मी सुईसकट पोस्टात टाकला होता. उलटे-सुलटे टाके यायचे, पण शेवटी ते बंद कसे करायचे, हेच ठाऊक नव्हतं. सुई काढली की सगळं उसवणार! आणि दादा तिकडं फौजेत, बर्फात.

परवा विश्रामबागेत दादाच्या घरी त्याच्या नातीला विणकाम शिकवत होते. ते बघून त्यानं ट्रंकेतून तोच मफलर काढला. सुई अजून तशीच!

मी म्हटलं, "आण इकडं. आता येतंय मला बंद करायला."

दादानं मफलर मागं ओढला. "ऱ्हाऊ दे गं. पहाऱ्यावर मानंला सुई टोचली की वाटायचं, तू घरी बसून अजून विणतीयास."