तिलवाऱ्याला संपलेला गॅस

परिक्रमेला निघताना मी नेम धरला होता, वाटेत स्वतः रांधूनच खाईन. तिलवाऱ्याच्या घाटावर माझ्या छोट्या शेगडीचा गॅसचा डबा संपला. घर पुलापलीकडेच, पण परिक्रमेत नदीमैया ओलांडायची नसते. म्हणून ह्यांना फोन केला. हे कमानिया गेटचा अख्खा बाजार पालथा घालून आले.

“असला डबा कुठंच नाही. दुकानदार मच्छर मारायच्या स्प्रेचा दाखवून राहिले! सुनेनं वरणभात दिलाय, घे.”

“नेम मोडेल हो.”

“अच्छा, मग काहून उपाशी मरून राहिली?”

माझ्यात काटक्या वेचायचंही त्राण नव्हतं. शेवटी ह्यांनीच वेचल्या, डोळे चोळत चूल पेटवली. मी बसल्याबसल्या खिचडी रांधली.

तुम्हीही असा नेम धरा ग बायांनो. घरात कधी गॅस न पेटवलेले हे, आता रोज सकाळी चहा करून राहिले.