खाणीच्या वाटेवरची फटफट

ऐका मंडळी. शेकोटीत चार काटक्या टाका आणि जवळ सरका. ही गोष्ट आपल्या गावच्या गहिनीची.

गहिनी आणि त्याचा थोरला भाऊ विश्राम, दोघांना एकच नाद. फवारणीचा जुना पंप मोडला, त्याचं पेट्रोलचं इंजिन काढलं आणि बसवलं सायकलला! हँडलची मूठ पिळली की वेग वाढायचा. कशासाठी? मजा म्हणून, दुसरं काय!

गहिनी म्हणाला, "दादा, पायडल काढून टाकू. फटफटीला कुठं पायडल असतात?"

"असू देत, शहाण्या. इंजिन दगा देतं, पाय देत नाहीत."

चढ लागला की कॅरिअरवरून विश्राम ओरडायचा, "मूठ सोड! दम खाऊ दे तिला!"

मग विश्राम काविळीनं गेला. सायकल राहिली.

आठ महिन्यांनी गहिनी ती घेऊन बहिणीच्या गावी गेला. निघेपर्यंत अंधारलं. बहीण म्हणाली, "राहा की रे आज. जायचंच असेल तर सडकेनं जा. खाणीची वाट नको."

"अगं ताई, इंजिन आहे! खाणीतलं भूत काय पळत येऊन धरणार आहे?"

असं बोलावं का, मंडळी? तेही दिवेलागणीनंतर?

धरली त्यानं खाणीचीच वाट. फट फट फट. पहिल्या बाभळीपाशी मागचं चाक दबलं. कॅरिअरवर कुणी बसावं तसं! पाठीला गार लागलं, ओल्या पोत्यासारखं. हँडलला बांधलेली बॅटरी विझली.

"गहिन्या, मी आहे रे."

विश्रामचा आवाज! हुबेहूब! या आवाजासाठी गहिनी आठ महिने झुरला होता. "दादा?"

"चल, मजा करू. मूठ पीळ."

त्यानं पिळली. सायकल सुसाट सुटली. चढ लागला. इंजिन तापलं, मांडी पोळायला लागली.

"दादा, तापलंय रे."

"तापू दे. अजून पीळ!"

गहिनी चरकला. चढावर दादा असं म्हणेल? कधीच नाही! त्यानं मूठ सोडायला बोटं उचलली, तर त्या बोटांवर दुसरा हात पडला. बर्फासारखा. त्या हातानंच मूठ पिळली. समोर चांदण्या दिसल्या. समोर म्हणजे खाली! खाणीच्या पाण्यात!

गहिनीनं डाव्या हातानं प्लगची टोपी उपटली. झटका बसला, इंजिन बंद पडलं. पण आवाज? फट फट फट... चालूच! आता तो कॅरिअरवरून येत होता. कुणीतरी तोंडानं काढत होतं!

काठ वीतभर उरला होता. त्यानं हँडल वळवलं आणि मारलं पायडल. मागं ओझं वाढतंच होतं. एका माणसाचं, मग बैलाचं, मग दगडाचं. तरी मारलं पायडल. तेव्हा ते विश्रामच्या आवाजात रडायला लागलं.

"गहिन्या, दादाला टाकून चाललास?"

गहिनीही रडत होता. पण पाय थांबवले नाहीत त्यानं. वेशीतल्या मारुतीपाशी एकदम ओझं उतरलं.

सकाळी लोकांनी पाहिलं. कॅरिअर चपटं झालेलं. मुठीच्या रबरात पाच बोटांचे ठसे खोल उमटलेले. विश्रामची बोटं आखूड होती हो. ही तर वीतभर लांब.

म्हणून सांगतो, त्या वाटेला जाऊ नका. आपलं गेलेलं माणूस हाक मारेल, तरी नाही. आपलं माणूस चढावर मूठ पिळायला सांगत नाही.

चला, उठा आता. सडकेनं जा.