दुपट्ट्याखालचा सौदा

(सन १९३४. वाशीमला वकील जानराव यांची ओसरी. समोर बैलांचा धंदा करणारे पुंजाजी आणि त्यांची बायको सोजरबाई.)

जानराव : ते सगळं ठीक. पण सैफुद्दीनकडे तुमचे पैसे निघतात, याला पुरावा काय?

पुंजाजी : भागीदारी तुटली तवा मंगरूळच्या बाजारात आमी दोघंच बसलो, साहेब. दुपट्टा टाकला, त्याच्या खाली त्यानं माही बोटं धरून रक्कम सांगतली. मी हो म्हनलं. बैल सारे त्याच्याकडे, माह्या वाट्याचे पैसे दिवाळीले.

जानराव : कोणी पाहिलं?

पुंजाजी : कोनाले दिसू नये म्हनूनच त दुपट्टा टाकतेत.

जानराव : ते गिऱ्हाइकापुढे. आपसातल्या हिशेबाला दुपट्टा कशाला?

सोजरबाई : सवय, साहेब. या दोघायनं जल्मात भाव तोंडानं सांगतला नाई.

जानराव : कागद नाही, साक्षीदार नाही. आणि तीन वर्षांची मुदत सोमवारी संपते. त्याच्या आत दावा लावला नाही, तर पैशावर पाणी सोडा.

पुंजाजी : मंग लावा ना दावा.

जानराव : लावू. पण जिंकायची वाट एकच. कोर्टात सांगायचं, सैफुद्दीननं शपथ घ्यावी, शपथेवर तो जे बोलेल ते मला कबूल. तो तयार झाला तर निकाल तिथंच. पण ‘देणं नाही’ म्हणाला, तर तुम्ही कायमचे बुडालात.

पुंजाजी : म्हननार नाई. बैलाच्या दातावरून वय सांगतानी सारे व्यापारी फसवतेत, यानं कधी एक दात खोटा सांगतला नाई.

जानराव : ज्याच्यावर दावा, त्याच्याच खरेपणावर तुमची भिस्त? असा अशील मी पाहिला नाही.

पुंजाजी : निकाल लागल्यावर काय होते?

जानराव : पैसे दिले नाहीत तर जप्ती. जप्तीत काही सापडलं नाही, तर दिवाणी कैद. तिथल्या त्याच्या जेवणाचा खर्च मात्र तुम्हाला भरावा लागेल.

पुंजाजी : मले?

सोजरबाई : त्यात नवं काय? बाजाराच्या दिवशी त्याची भाकर माह्याच घरून जाये. अन् वरण बिनतिखटाचं, वेगळं काढून. तिखट सोसत नाई त्याले.

पुंजाजी : जेलात कोन वेगळं काढन?

जानराव : जप्तीत काही सापडेल का, ते सांगा.

पुंजाजी : कायचं सापडते, साहेब. बैल सारे घटसर्पाच्या रोगानं मेले, त्याच सालच्या दिवाळीच्या आंधीच. तवापासून मी दिसलो का हा गल्ली बदलते. माह्या विजयमालाचं लगन ठरलं, तरी आला नाई. अंगाखांद्यावर खेळवली त्यानं तिले. दाव्याचा समन्स गेला त या लागन ना त्याले?

सोजरबाई : ऐकलं, साहेब? हे पैशासाठी नाई आले. त्याले पाहाले आले.

पुंजाजी : लग्नाले पैसे लागतेत मले.

सोजरबाई : लागतेत. अन् तो बी लागते. जेवाले बसले का कवाडाकडे पाह्यत राह्यतेत. मी का आंधळी हाय?

पुंजाजी : साहेब, शपथ कुठं घ्या लागते?

जानराव : भर कोर्टात. सगळ्यांसमोर.

पुंजाजी : म्हंजे साऱ्या बाजाराले मीच सांगू, का सैफुद्दीनच्या साध्या बोलावर माहा भरोसा नाई? नाई साहेब. दावा राहू द्या.

जानराव : मग निदान आज त्याच्या घरी जा. देणं कबूल आहे अशी एक ओळ आणि खाली सही, एवढंच घ्या. मुदत नव्यानं चालू होते. मजकूर मी लिहून देतो, माझी फी नको.

पुंजाजी : माह्या हातात कागद दिसला त तो मागच्या दारानं निघून जाईन. अन् सुगराबी, त्याची बायको, खोटं बोलन का घरी नाईत. तिले कायले खोटं बोलाले लावू?

जानराव : पुंजाजी, सोमवारनंतर मला काही करता येणार नाही.

पुंजाजी : समजलं, साहेब.

सोजरबाई : चाला मंग. अक्षता घेऊ अन् दोघंबी जाऊ. पोरीच्या लग्नाचं आवतन द्याले जाऊन राह्यलो, मागाले नाई.

पुंजाजी : अन् तोच म्हनला, पैसे नाईत, त?

सोजरबाई : त नाई म्हनन. पन बोलन त खरं.